हरितगृहातील पाहुणा आणि क्रांतीचा टीकाकार : एडमंड बर्क कसा वाचावा?

१/ १७८१ साली लंडनजवळच्या बीकन्सफील्ड येथील एका वाड्याच्या बागेत एक महाराष्ट्रीय ब्राह्मण आपल्या हाताने सोवळ्यात स्वयंपाक करत होता. जागा होती झाडांसाठी उभारलेले काचेचे हरितगृह. यजमान होता ब्रिटिश संसदेचा सदस्य एडमंड बर्क. याच बर्कने नऊ वर्षांनी फ्रेंच राज्यक्रांतीवर जे पुस्तक लिहिले, त्यापासून आधुनिक परंपरावादी राजकीय विचाराचा आरंभ मोजला जातो. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात कशा बसतात, हे पाहणारा हा धागा.

२/ पाहुण्याचे नाव हणमंतराव. राघोबादादा पेशव्यांनी त्यांना आपले वकील म्हणून विलायतेस पाठवले होते; सोबत मणियार घराण्यातील पारशी पिता-पुत्र होते. १७७५ च्या सुरतेच्या तहाने राघोबांनी मुंबईकर इंग्रजांचा आश्रय घेतला होता. १७७९ मध्ये वडगाव येथे मराठ्यांनी त्या इंग्रजांना नामुष्कीचा करार करायला लावला होता. पेशवेपदावरचा आपला दावा थेट लंडनमध्ये मांडावा, हा या वकिलातीचा हेतू.

३/ लंडनमध्ये या मंडळींचे फार हाल झाले. चूल, पाणी, स्नान, सोवळे यांपैकी एकही गोष्ट भाड्याच्या खोलीत सांभाळता येईना. बर्कने त्यांना आपल्या घरी नेले आणि हरितगृह मोकळे करून दिले. त्यांच्या आचाराची थट्टा करण्याऐवजी, हा आचार पाळणे त्यांना शक्य व्हावे ही यजमानाची जबाबदारी आहे, असे त्याने मानले. वकिलातीचा राजकीय उपयोग झाला नाही. १७८२ च्या सालबाईच्या तहाने राघोबांचा दावा निकालात निघाला. बर्कच्या मनात मात्र हिंदुस्थान हा केवळ कागदोपत्रीचा विषय उरला नाही.

४/ बर्क स्वतः सत्तेच्या केंद्रस्थानी जन्मलेला नव्हता. डब्लिनमध्ये जन्म, वडील प्रॉटेस्टंट वकील, आई कॅथलिक घराण्यातली. आयर्लंडमधील कॅथलिकांवर त्या काळी मालमत्ता, शिक्षण आणि पदे यांबाबत कडक कायदेशीर निर्बंध होते. एखाद्या समाजाची श्रद्धा कायद्याने चिरडू पाहिली की काय होते, हे त्याने आईच्या नातेवाइकांत पाहिले होते. १७६५ च्या अखेरीस तो संसदेत निवडून आला. त्याचा पक्ष व्हिग. म्हणजे राजाच्या मनमानीला संसदेचा लगाम हवा, असे मानणारा.

५/ येथे एक खुलासा आवश्यक आहे. ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ हे राजकीय बिरूद बर्कच्या हयातीत रूढ नव्हते. फ्रान्समध्ये शातोब्रियांने १८१८ मध्ये त्या अर्थाच्या नावाचे नियतकालिक काढले आणि ब्रिटनमध्ये १८३० च्या दशकात एका पक्षाने ते नाव धारण केले. बर्क १७९७ मध्येच वारला होता. त्यामुळे आजच्या कोणत्याही पक्षाची टोपी त्याच्या डोक्यावर ठेवणे हा कालविपर्यास ठरतो. त्याच्याकडून घेण्यासारखी गोष्ट आहे ती युक्तिवादाची एक रीत.

६/ ही रीत प्रथम स्पष्ट दिसते ती अमेरिकेच्या प्रश्नात. वसाहतींवर कर लादण्याचा संसदेला हक्क आहे की नाही, यावर लंडनमध्ये शास्त्रार्थ चालला होता. २२ मार्च १७७५ च्या भाषणात बर्कने तो शास्त्रार्थच बाजूला सारला. हक्क असेल किंवा नसेल. हे लोक कोण आहेत, त्यांच्या सवयी काय आहेत, दीडशे वर्षे ते कसे जगत आले आहेत आणि बळजबरीने त्यांच्यातून काय निष्पन्न होईल, हे प्रश्न त्याने पुढे ठेवले. तर्काआधी परिस्थिती पाहावी, हे त्याचे पहिले सूत्र.

७/ पुढे हेच सूत्र हिंदुस्थानकडे वळले. १७८१ पासून बर्क संसदेच्या हिंदुस्थानविषयक निवड समितीत काम करू लागला. अहवाल, हिशेब, पत्रव्यवहार यांचे ढीग त्याने वर्षानुवर्षे उपसले. १७८३ च्या भाषणात त्याने सभागृहाला बजावले की ज्यांच्यावर कंपनी राज्य करते आहे ते रानटी लोक नाहीत; इंग्रज अजून रानावनात राहत होते, तेव्हापासून सुसंस्कृत असलेले हे समाज आहेत. त्यांचे राजे, विद्वान, सावकार, कारागीर यांची यादी देऊन त्याने त्यांची तुलना युरोपातील संस्थानांशी केली.

८/ १३ फेब्रुवारी १७८८ रोजी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये वॉरन हेस्टिंग्जवरील महाभियोग सुरू झाला. बनारसच्या चेतसिंहाकडून उकळलेला पैसा, अयोध्येच्या बेगमांची लुटलेली दौलत, लाचखोरी असे आरोप होते. हेस्टिंग्जच्या बचावाचा एक धागा असा की आशियात सत्ता मनमानीच असते, म्हणून तेथे युरोपची नीती लावू नये. बर्क यावर तुटून पडला. अक्षांश-रेखांश बदलले म्हणून नीती बदलत नाही, हा त्याचा मुद्दा होता. हिंदू आणि मुस्लिम कायद्यांचे दाखले देऊन, तेथील राज्यकर्तेही नियमांनी बांधलेले असतात, हे त्याने मांडले.

९/ खटला सात वर्षे चालला आणि एप्रिल १७९५ मध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. बर्कच्या भाषेत अतिशयोक्ती होती आणि साम्राज्यच नको, असे त्याने कधीही म्हटले नाही. त्याला साम्राज्य हवे होते, पण उत्तरदायी. तरीही बर्कची बाजू नेमकी ओळखायला हवी. दूरदेशीच्या लोकांचे कायदे, देवस्थाने, घराणी, चालीरीती एका व्यापारी कंपनीने नफ्यासाठी मोडू नयेत, असे तो म्हणत होता. परंपरेचा कैवार येथे सत्ताहीनांच्या बाजूने उभा होता.

१०/ आता फ्रान्स. १४ जुलै १७८९ रोजी बास्तीय पडला. ४ ऑगस्टच्या रात्री राष्ट्रीय सभेत सरंजामी हक्कांवर कुऱ्हाड पडली. ४ नोव्हेंबर रोजी लंडनमध्ये रिचर्ड प्राइस या धर्मोपदेशकाने या घटनांचे स्वागत करणारे प्रवचन दिले आणि राज्यकर्ते निवडण्याचा व दूर करण्याचा जनतेचा हक्क सांगितला. त्याच सुमारास दपाँ नावाच्या एका तरुण फ्रेंच परिचिताने बर्कला पत्र पाठवून क्रांतीविषयी त्याचे मत विचारले होते. त्या पत्राचे उत्तर लांबत लांबत पुस्तकाएवढे झाले. १ नोव्हेंबर १७९० रोजी ते प्रसिद्ध झाले आणि पहिल्या काही आठवड्यांतच त्याच्या हजारो प्रती खपल्या.

११/ अमेरिकन वसाहतींचा आणि हिंदुस्थानी रयतेचा कैवारी फ्रेंच क्रांतीच्या विरोधात उभा राहिलेला पाहून त्याचे मित्र अवाक झाले. पण पुस्तकातील युक्तिवाद पाहिले, तर जुने सूत्रच नव्या जागी दिसते. त्यातील तीन युक्तिवाद महत्त्वाचे आहेत.

१२/ पहिला : समाज हा करार असला, तरी मिरी-कापडाच्या व्यापारातील भागीदारीसारखा तो वाटेल तेव्हा मोडता येत नाही. त्यात जिवंत माणसांबरोबर गेलेल्या पिढ्या आणि न जन्मलेल्या पिढ्याही भागीदार असतात. त्यामुळे आजची पिढी ही देशाची मालक नसून विश्वस्त आहे. वडिलोपार्जित वाड्यात भिंत सरकवता येते, छप्पर बदलता येते. पण पुढच्यांना केवळ ढिगारा सोपवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

१३/ दुसरा : ज्याला ‘पूर्वग्रह’ म्हणून हिणवले जाते, त्यात अनेक पिढ्यांचे साठलेले शहाणपण असू शकते. बर्कने हा शब्द मुद्दाम चढ्या आवाजात वापरला. मराठीत ‘पूर्वग्रह’ हा शब्द दोषवाचकच आहे. ‘संस्कार’ हा शब्द त्याच्या आशयाच्या अधिक जवळ जातो. एका माणसाची बुद्धी तोकडी, म्हणून प्रत्येकाने आपल्या एकट्याच्या तर्कावर समाज चालवू नये. पिढ्यांच्या सामायिक ठेव्यातून उसने घ्यावे, असे त्याचे सांगणे.

१४/ तिसरा : सत्तेची रचना कागदावर आखून होत नाही. चर्चच्या जमिनी २ नोव्हेंबर १७८९ रोजी राष्ट्राच्या ताब्यात घेण्यात आल्या आणि त्यांच्या तारणावर ‘असिन्या’ हे कागदी चलन निघाले. हे चलन कोसळेल, असे बर्कने बजावले. १७९६ पर्यंत ते मातीमोल झाले. जुनी बंधने तुटल्यावर सैन्य कोणाचे ऐकेल, असाही प्रश्न त्याने विचारला आणि अखेरीस एखादा लोकप्रिय सेनापती सर्वांचा धनी होईल, असे भाकीत केले.

१५/ ते भाकीत लिहिले गेले तेव्हा राजा जिवंत होता, गिलोटिनचा काळ सुरू झाला नव्हता आणि बोनापार्त हे नाव युरोपला ठाऊक नव्हते. राजाचा शिरच्छेद जानेवारी १७९३ मध्ये झाला; ९ नोव्हेंबर १७९९ रोजी नेपोलियनने सत्ता हस्तगत केली. ते पाहण्यास बर्क उरला नव्हता. त्याची कीर्ती मुख्यतः या दूरदृष्टीवर उभी आहे. पण भाकीत खरे ठरले म्हणजे त्यामागचा सारा विचार बरोबर ठरतो, असे नाही. त्यासाठी त्याला मिळालेली उत्तरे वाचावी लागतात.

१६/ पहिले ठळक उत्तर महिन्याभरातच आले. मेरी वुलस्टनक्राफ्टने ते आधी निनावी आणि दुसऱ्या आवृत्तीत स्वतःच्या नावाने छापले. व्हर्सायवर चालून गेलेल्या बायकांची बर्कने निर्भर्त्सना केली होती आणि राणी मारी आंत्वानेतसाठी अश्रू ढाळले होते. वुलस्टनक्राफ्टचा सवाल असा की मासळी आणि भाजी विकून पोट भरणाऱ्या, कधीही शिक्षण न मिळालेल्या बायकांच्या दुःखासाठी या माणसाकडे एकही अश्रू कसा नाही? परंपरेच्या सौंदर्याआड मालमत्तेची राखण चालली आहे, असा तिचा आरोप होता.

१७/ दुसरे उत्तर थॉमस पेनचे. १७९१ चे ‘राइट्स ऑफ मॅन’. पेन बर्कचा परिचित, त्याच्या घरी राहून आलेला. त्याने थेट पहिल्या युक्तिवादावर घाव घातला. मेलेल्यांनी जिवंतांना बांधून ठेवावे, ही सर्वांत हास्यास्पद जुलूमशाही होय. प्रत्येक पिढीला स्वतःपुरता कारभार ठरवण्याचा हक्क आहे, असे त्याचे म्हणणे. भाषा साधी, वाक्ये छोटी. स्वस्त आवृत्त्या निघाल्या आणि ज्यांना राजकारणावर मत मांडण्याचा अधिकार कोणी दिला नव्हता, असे कारागीरही हे पुस्तक वाचू लागले.

१८/ हा बदल बर्कला पेलला नाही. क्रांतीनंतर विद्या डुकरांच्या कळपासारख्या जमावाच्या पायदळी जाईल, अशा अर्थाचा एक उल्लेख त्याने केला होता. कष्टकरी वाचकांनी तो शब्द अभिमानाने उचलला. टॉमस स्पेन्सने १७९३ मध्ये एका पेनीला विकले जाणारे साप्ताहिक काढले आणि त्याला नाव दिले ‘पिग्ज मीट’, म्हणजे डुकरांचे खाद्य. सार्वजनिक चर्चेचा दर्जा घसरतो आहे, ही तक्रार करणाऱ्याने ‘सार्वजनिक’ या शब्दात कोणाकोणाला धरले आहे, हा प्रश्न त्या नावातच होता.

१९/ इतिहासाने बर्कला अन्यत्रही खोटे पाडले. जुने प्रांत मोडून १७९० मध्ये फ्रान्सचे ८३ विभाग पाडले गेले. भूमिती करून देश चालत नाही, अशी खिल्ली बर्कने उडवली. ते विभाग, संख्येतील बदल सोडल्यास, आजही फ्रेंच प्रशासनाचा कणा आहेत. ४ ऑगस्टला मोडलेले सरंजामी हक्क राजेशाही परतल्यावरही परतले नाहीत. म्हणजे कागदावर आखलेली गोष्टही रुजते आणि दोन पिढ्यांत तीच परंपरा होते. एखादी संस्था जुनी आहे एवढ्यावरून ती शहाणी ठरत नाही आणि नवी आहे एवढ्यावरून पोकळही ठरत नाही.

२०/ या वादाची किंमत माणसांनी मोजली. ६ मे १७९१ रोजी भर सभागृहात बर्कने चार्ल्स जेम्स फॉक्सशी असलेली अनेक वर्षांची मैत्री संपल्याचे जाहीर केले. फॉक्सला अश्रू आवरले नाहीत. पेन फ्रान्सच्या राष्ट्रीय अधिवेशनात निवडून गेला, पण राजाला फाशी देऊ नये असे म्हणाला आणि १७९३ च्या अखेरीस क्रांतीच्याच तुरुंगात पडला. मानवी हक्कांचा सर्वांत मोठा प्रचारक सुमारे दहा महिने त्या हक्कांच्या राज्यात कैदी होता. बर्कचा इशारा त्याच्या कट्टर विरोधकाच्याच वाट्याला आला.

२१/ याच वादातील एक पात्र पुढे मुंबईत आले. जेम्स मॅकिंटॉश या तरुण स्कॉटिश लेखकाने १७९१ मध्ये बर्कचे खंडन करून क्रांतीचे समर्थन केले होते. पुढील रक्तपात पाहून त्याचे मत पालटले आणि बर्कच्या अखेरच्या दिवसांत तो बीकन्सफील्डला त्याला भेटूनही आला. १८०४ मध्ये तो मुंबईच्या न्यायालयाचा रेकॉर्डर म्हणून येथे दाखल झाला. त्याच वर्षी त्याने स्थापन केलेल्या लिटररी सोसायटीतून आजची मुंबईची एशियाटिक सोसायटी उभी राहिली. टाउन हॉलच्या पायऱ्या चढणाऱ्यांनी हा दुवा लक्षात ठेवावा.

२२/ पेनचे पुस्तकही महाराष्ट्रात पोहोचले. जोतीराव फुल्यांनी तरुणपणी ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचले आणि त्याचा त्यांच्या विचारांवर खोल ठसा उमटला. फुल्यांच्या जागी उभे राहून बर्कचा करार पाहिला की त्यातील भगदाड दिसते. गेलेल्या पिढ्या भागीदार खऱ्या. पण त्यांच्या वतीने बोलतो कोण? ज्यांच्या हाती पोथी, जमीन आणि लेखणी होती, त्यांचेच पूर्वज बोलतात. ज्यांच्या पूर्वजांना लिहूच दिले नाही, त्यांचे मृत मुकेच राहतात. परंपरेचा सामायिक ठेवा सर्वांचा असेल, तर त्यात सर्वांच्या आठवणी मोजाव्या लागतील.

२३/ उलट प्रश्नही तितकाच टोकदार आहे. हेस्टिंग्जच्या कंपनीसारखी सत्ता जेव्हा ‘सुधारणा’ किंवा ‘कार्यक्षमता’ यांच्या नावाने लोकांची घडी विस्कटते, तेव्हा त्यांच्या बाजूने कोणत्या शब्दांत बोलणार? हणमंतरावांचे सोवळे कोणत्याही अमूर्त तत्त्वातून सिद्ध होत नव्हते. त्याच सोवळ्याच्या व्यवस्थेने त्यांच्या गावी कोणाला विहिरीपासून दूर ठेवले असेल, हे बर्कला विचारावेसे वाटले नाही. परक्याच्या चालीरीतीचा आदर आणि त्या चालीरीतीच्या आत दबलेल्याचा कैवार ही दोन वेगळी कर्तव्ये आहेत. बर्कला पहिले साधले, दुसरे निसटले.

२४/ हा वाद भारताच्या संविधान सभेतही उमटला. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी थॉमस जेफरसनचा दाखला दिला : प्रत्येक पिढी जणू स्वतंत्र राष्ट्र असते आणि तिला पुढील पिढीला बांधून ठेवता येत नाही. हा विचार पेनच्या कुळातला. त्याआधी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना त्यांनी संवैधानिक नीतीचाही आग्रह धरला. ही नीती आपोआप उगवत नाही, ती जोपासावी लागते, असे सांगितले. संस्था सवयींवर जगतात, हे भान बर्कच्या वाचकाला ओळखीचे वाटेल.

२५/ अनुच्छेद ३६८ मध्ये या दोन्ही प्रवाहांची सांगड दिसते. संविधान बदलता येते, कारण गेलेली पिढी मालक नाही. पण साध्या बहुमताने सहसा नाही : सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचे दोन-तृतीयांश लागतात, काही तरतुदींसाठी निम्म्या राज्यांची संमतीही लागते. २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद भारती निकालाने त्यात मूलभूत चौकटीची मर्यादा घातली. बदलाचे साधन नसलेले राज्य टिकू शकत नाही, हे बर्कनेही मान्य केले होते. प्रश्न नेहमी गतीचा, रीतीचा आणि कोणाला विचारले याचा असतो.

२६/ म्हणून परंपरेच्या नावाने लिहिलेले कोणतेही भाष्य, मग ते १७९० चे असो वा काल रात्रीचे, वाचताना तीन गोष्टी तपासाव्यात. लेखकाने परिस्थिती खरोखर अभ्यासली आहे की केवळ हळहळ व्यक्त केली आहे? जी घडी मोडू नये असे तो म्हणतो, तिच्यात सर्वांत खाली कोण आहे आणि त्याचे म्हणणे लेखकाने ऐकले आहे का? आणि हीच कसोटी तो स्वतःला प्रिय असलेल्या सत्तेला लावतो का? हेस्टिंग्जच्या खटल्यात बर्क तिसऱ्या कसोटीला उतरला. फ्रान्सवर लिहिताना दुसऱ्या कसोटीला उतरला नाही.

२७/ क्रांतीच्या नावाने लिहिलेल्या भाष्यालाही हेच प्रश्न विचारावेत. तुरुंगातल्या पेनला त्यांचे मोल कळले होते. बर्क आणि पेन यांपैकी एकालाच वाचणाऱ्याच्या हाती घोषणा लागतात. दोघांना शेजारी ठेवून वाचणाऱ्याला वाद कसा घालावा ते कळते. दोन्ही पुस्तके ग्रंथालयांत आणि महाजालावर सहज मिळतात. आधी बर्क, मग वुलस्टनक्राफ्ट, मग पेन, हा क्रम ठेवल्यास वादाचा चढता सूर नीट ऐकू येतो.

धागा समाप्त.